मंदी संपली म्हणतात, मग माझा नंबर का लागत नाही?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: वय ४४, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात १६ वर्षं काढली. मंदीत अख्खा विभागच बंद झाला, त्याला १९ महिने होत आले. तीनशेच्या वर अर्ज केले, मुलाखती जेमतेम सात, आणि गेल्या वर्षभरात एकही नाही. आता तेजी आल्याच्या बातम्या आहेत, तुमच्यामागून घरी बसलेल्यांनाही कामं लागली. तुम्ही विचारता, "माझ्यातच काही खोट आहे का? आणि मिळेल ते कमी पगाराचं काम धरू का?" शेवटी एक ओळ आहे: हल्ली सकाळी उठावंसं वाटत नाही. त्या ओळीकडेही मी येणार आहे.

खोटीचं आधी सांगते. विभागाला कुलूप लागेपर्यंत ज्याला कामावर ठेवलं, तो माणूस कामाला वाईट असेल हे मला पटत नाही. पण तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते, कारण तसा मांडला तरच त्यातून वाट निघते. तुम्ही विचारताय, मला कोणी निवडत का नाही. खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. तुमचा अर्ज बहुतेक ठिकाणी कोणी उघडतच नाही. वाचून नाकारलं असतं तर अर्जात, अनुभवात, पगाराच्या अपेक्षेत काय चुकतंय ते शोधता आलं असतं. न वाचताच बाजूला पडलेल्या अर्जावर कितीही रंधा मारला तरी तो बाजूलाच पडतो.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण ती चाळणी माझ्याच हातात होती. या कामातल्या २५ वर्षांपैकी पहिली ११ मी कंपन्यांच्या बाजूने भरती केली. मंदीनंतरच्या काळात एकेका जागेला चारशे-साडेचारशे अर्ज यायचे, आणि वरून निरोप असायचा की संध्याकाळपर्यंत १५ नावं द्या. साडेचारशे अर्ज एका दिवसात कोणी वाचू शकत नाही. मग एक्सेलच्या तक्त्यात 'शेवटच्या नोकरीची अखेरची तारीख' असा रकाना असायचा. त्याच्या डोक्यावरच्या बाणावर टिचकी मारायची, गेल्या सहा महिन्यांतल्या तारखा तेवढ्या ठेवायच्या, की साडेचारशे ओळींच्या सव्वाशे व्हायच्या. दोन सेकंदांचं काम. ज्या सव्वातीनशे ओळी दिसेनाशा झाल्या, त्यांतला एकही अर्ज मी उघडलेला नसायचा. त्या माणसांबद्दल माझं काही वाईट मत नव्हतं. मनात हिशेब एवढाच, की इतके दिवस कोणी घेतलं नाही त्या अर्थी काहीतरी कारण असेल. दुसऱ्या कंपनीत माझ्याच खुर्चीवर बसलेली व्यक्तीही हाच हिशेब करत होती. पहिल्याने घेतलं नाही म्हणून दुसरा घेईना, दुसऱ्याने घेतलं नाही म्हणून तिसरा. मूळ कारण कुठेच नव्हतं, आणि तरी शिक्का गडद होत गेला. याचं मला आजही वाईट वाटतं. पुढची १४ वर्षं मी टेबलाच्या अलीकडे, दीर्घकाळ घरी बसलेल्यांच्या बाजूने काम करते आहे ते त्यामुळेच.

अभ्यासकांनीही हे तपासलं आहे. अमेरिकेतल्या २००७-०९ च्या मोठ्या मंदीनंतर रँड गयाद या अर्थशास्त्रज्ञाने ४,८०० काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. त्या क्षेत्राचा अनुभव असून सहा महिन्यांहून अधिक काळ घरी असलेल्यांना जितकी बोलावणी आली, त्याहून जास्त बोलावणी अनुभव नसलेल्या पण नुकत्याच बेकार झालेल्यांना आली. म्हणजे तुमच्या १६ वर्षांपेक्षा त्या १९ महिन्यांचं वजन जास्त धरलं जातं. अशाच आणखी एका प्रयोगात, सुमारे १२,००० अर्ज पाठवून, दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. पहिली अशी, की बोलावण्यांतली घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, पुढे ती जवळजवळ थांबते. एकोणिसाव्या महिन्यात तुम्ही बाराव्यापेक्षा फार खाली गेलेले नाही. दर महिन्याला पायाखालची जमीन आणखी सरकतेय असं तुम्हाला वाटत असणार, पण तसं होत नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे जिथे कामं मुबलक होती, तिथेच नोकरीत पडलेल्या या खंडाची शिक्षा जास्त होती.

हे उलटं वाटेल, पण जरा विचार करून बघा. ऐन मंदीत सगळ्यांच्याच अर्जात खंड असतो, त्यामुळे तो कोणाच्याच माथी मारला जात नाही. बाजार सुधारला की बघणारा म्हणतो, आता तर सगळ्यांना कामं लागताहेत, मग हा अजून मोकळा कसा? तुम्हाला तेजीत जास्त एकटं पडल्यासारखं होतंय, त्यामागे हे आहे.

सगळे अभ्यास एकाच सुरात बोलत नाहीत हेही सांगायला हवं. फार्बर, सिल्व्हरमन आणि फॉन वाख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी पदवीधर महिलांच्या नावाने कार्यालयीन कामांसाठी अर्ज पाठवले, तेव्हा बेकारीच्या कालावधीने बोलावण्यांत फरक पडलेला दिसला नाही. वयाने मात्र पडला, पन्नाशीपुढच्यांना बोलावणी कमी आली. त्यामुळे खंडाचा त्रास किती होईल हे क्षेत्रावर, हुद्द्यावर आणि अर्जांच्या गर्दीवर अवलंबून असतं. तुमच्या कामात जागा कमी आणि अर्ज फार अशी स्थिती असेल, तर चाळणी कडक असणारच.

आता 'मंदी संपली' या वाक्याबद्दल. मंदी संपते म्हणजे उत्पादनाची घसरण थांबते. माणसं कामावर परत यायला त्यानंतर बराच वेळ जातो. अमेरिकेतली ती मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये अधिकृतपणे संपली. बेकारीचा दर शिखराला, १० टक्क्यांवर, पोचला तो त्यानंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये. आणि २०१० च्या वसंतात, म्हणजे मंदी संपून जवळजवळ वर्ष झाल्यावर, बेकारांपैकी सुमारे ४५ टक्के लोक सहा महिन्यांहून जास्त काळ कामाविना होते. त्याआधीचा सर्वांत वाईट आकडा १९८३ चा, सुमारे २६ टक्के. असं होतं, कारण मागणी वाढली की कारखाना आधी आहे त्याच माणसांना ओव्हरटाइम देतो, मग कंत्राटी माणसं घेतो, आणि हे दोन्ही पुरेनासं झालं की कायमच्या जागा काढतो. त्या जागांवरही आधी दुसरीकडे नोकरीत असलेले उड्या मारतात. तुमच्यापर्यंत पोचायच्या आत रांग तीनदा पुढून भरलेली असते.

अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की अमेरिकेत एखाद्या महिन्यात दीर्घकाळ बेकार असलेल्यांपैकी वर्षभरानंतर स्थिर पूर्णवेळ नोकरीत असलेले जेमतेम ११ टक्के होते. हा आकडा तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्यावर जे आलंय ते लाखोंवर एकाच वेळी आलं होतं, आणि लाखो माणसांत एकाच वर्षी एकदम खोट निर्माण होत नाही. त्या काळात पुष्कळ जाणकार म्हणत होते, या लोकांची कौशल्यंच कालबाह्य झाली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. कौशल्याला गंज चढतो, पण तो आधीच्या कामाच्या मानाने थोडा असतो. २०१९ च्या अखेरीस तिथला बेकारीचा दर ३.५ टक्क्यांवर आला, तेव्हा दीर्घकाळ बेकारांचं प्रमाणही पाचात एकावर उतरलं होतं. त्यातले सगळे कामाला लागले असं मी म्हणणार नाही. काही थकून यादीतूनच गळाले, कारण चार आठवडे शोध घेतला नाही की बेकारांत मोजतच नाहीत. पण रांग आखूड झाली तशी कंपन्यांनी चाळणीची भोकं मोठी केली, हे मी माझ्या टेबलावरून बघितलं आहे. साडेचारशेच्या जागी साठ अर्ज आले, की तो बाणही कोणी दाबत नाही.

सरकारांनी काय करायला हवं यावर मी तासभर बोलू शकते. जर्मनीने २००९ मध्ये माणसं काढण्याऐवजी तास कमी करायला पैसा दिला आणि तिथली बेकारी फारशी वाढलीच नाही. खंड पडूच न देणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पण तुमचा खंड पडून गेलाय, म्हणून तुमच्या हातात काय आहे त्याकडे वळते.

चाळणीतून जाता येत नसेल तर चाळणी नसलेल्या दाराने जायचं. यावर बहुतेकजण म्हणतात, "माझा कुठे वशिला नाही." वशिला आणि शब्द टाकणं यांत फरक आहे. वशिल्यात तुम्ही कोणाचे कोण आहात ते बघतात. शब्द टाकणारा माणूस म्हणतो, 'मी याचं काम पाहिलंय.' तुम्हाला दुसरं हवंय, आणि १६ वर्षांत तुम्ही ते कमावलेलं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी लागते तेव्हा ती बहुधा अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून येते. जिवलग मित्रांना तीच माहिती असते जी तुम्हाला असते.

एका गृहस्थांचं सांगते. खरेदी विभागात होते, २२ महिने घरी. पहिल्या भेटीत त्यांनी मला त्यांच्या ओळखींची यादी दाखवली, त्यात सगळे नातेवाईक आणि मित्र. मी ती बाजूला ठेवली आणि कोरी वही दिली: "ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय तेवढ्यांचीच नावं लिहा. पुरवठादारांचे सेल्सवाले, ट्रान्सपोर्टचा माणूस, ऑडिटला येणारा मुलगा, गोडाऊनचा जुना इन्चार्ज." अर्ध्या तासात आठ नावं झाली, चार दिवसांत ५८. मग रोज तीन फोन. निम्म्यांनी उचलले नाहीत किंवा नंबर बदललेले. ज्यांनी उचलले त्यातल्या चौघांकडून कामाची बातमी आली. नोकरी लागली ती एका पुरवठादाराकडे, ज्याच्याशी यांचं आठ वर्षांपूर्वी बिलावरून वाजलं होतं. तो मालक त्यांना म्हणाला, "तुम्ही माझं बिल तीनदा परत पाठवलं होतं. तिन्ही वेळा चूक माझीच होती." त्या मालकाने त्यांचा बायोडेटा मागितला तो रुजू झाल्यावर, फाइलला लावायला. २२ महिन्यांचा विषयच निघाला नाही.

तुमच्या वहीत कोण येतील? इनवर्ड इन्स्पेक्शनला, म्हणजे आत येणाऱ्या मालाच्या तपासणीला, ज्यांचा माल यायचा त्या पुरवठादारांची क्वालिटीची माणसं. ग्राहकाकडून ऑडिटला येणारे. गेज, व्हर्निअर या मोजमापाच्या साधनांच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे ती बरोबर मोजतात का हे तपासायला येणारा टेक्निशियन, जो महिन्याला वीस कारखाने फिरतो आणि कुठे काय चाललंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. तुमच्या हाताखाली शिकून दुसरीकडे गेलेली मुलं, ज्यांतली काही आज तुमच्याहून वरच्या जागी असतील. त्यांना फोन करताना सर्वांत जास्त संकोच होतो हे मला माहीत आहे. तरी करा. ज्याने आपल्याला शिकवलं त्याच्यासाठी शब्द टाकायला माणसाला आनंद होतो.

फोनवर "तुमच्याकडे जागा आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर 'नाही' असतं आणि संभाषण तिथेच संपतं. विभाग बंद झाला, सध्या मोकळा आहे, क्वालिटीतच काम शोधतोय, एवढं एका वाक्यात सांगा आणि मग कामाचं विचारा. हल्ली रिजेक्शन कशात येतंय, नवीन ग्राहकाच्या ऑडिटची तयारी कोण बघतं, तुमच्या माहितीत कोणाकडे तक्रारी वाढल्यात? ज्याच्या डोक्यावर तक्रारी आहेत त्याला माणूस हवा असतो, जाहिरात अजून दिली नसली तरी. तिथे चारशे अर्ज नसतात.

पोर्टलवरचे अर्ज पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. दिवसाचा एक तास द्या, त्याहून जास्त नाही. बायोडेट्यात खंड लपवू नका. तारखा गाळल्या की वाचणारा वाईटच धरतो. शेवटच्या नोकरीपुढे 'विभाग बंद झाल्याने सेवा समाप्त' असं स्पष्ट लिहा. मुलाखतीत "१९ महिने काय केलंत?" हा प्रश्न येणारच. माझ्याकडे सरावाला येणारे लोक यावर चार-चार मिनिटं बोलतात, मी घड्याळ लावून पाहिलंय, आणि त्या चार मिनिटांत आवाज खाली खाली जातो. दोन वाक्यं पुरे: विभाग बंद झाला, त्यानंतर शोध चालू आहे आणि मधल्या काळात हे हे केलं. तिसरं वाक्य त्यांच्या कारखान्याबद्दलचं असू द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कमी पगाराचं काम. इथे 'कमी' म्हणजे काय यावर सगळं अवलंबून आहे. त्याच क्षेत्रात एक-दोन पायऱ्या खाली, कंत्राटी, सहा महिन्यांचं, छोट्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून असं काम मिळत असेल तर माझ्या मते धरा. हातात व्हर्निअर राहतो, अर्जातली शेवटची तारीख ताजी होते, आणि तुमचं काम पाहणारी नवी माणसं भेटतात. क्षेत्राबाहेरचं काम मात्र वेगळं. मघाच्या फार्बर यांच्या अभ्यासात, मधल्या काळात खालच्या दर्जाचं काम धरल्याचं अर्जात दिसलं तर बोलावणी आणखी कमी झाली होती. घरात पैसा संपत आला असेल तर हा विचार करायचा नाही, जे मिळेल ते धरायचं, त्यात कमीपणा नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा: ते काम बायोडेट्यात शेवटी एका ओळीत येऊ द्या, आणि रोजच्या तीन फोनना वेळ उरेल असंच काम बघा.

जुन्या पगाराची अपेक्षा मनातून किती उतरवायची? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दीर्घ नोकरी गमावलेल्या कामगारांवर जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन यांचा १९९३ चा अभ्यास आहे. त्यात अशा लोकांची कमाई नोकरी गेल्यानंतर कित्येक वर्षांनीही, न गेली असती तर जेवढी असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्के कमी राहिली. हे अन्यायाचं आहे, पण आकडा आधी माहीत असला की पहिल्या बऱ्या प्रस्तावाला राग येऊन नाही म्हणणं टळतं. माझ्याकडच्या काहींनी तसं नाही म्हटलं, आणि दुसरा प्रस्ताव यायला वर्ष गेलं.

तुमचं क्षेत्रच आटत चाललं असेल, आसपासचे सगळे कारखाने बंद होत असतील, तर वरचं बरंचसं लागू पडणार नाही. मग गाव बदलणं किंवा जवळच्या दुसऱ्या उद्योगात तपासणीचंच काम शोधणं, असा विचार करावा लागेल. कोर्स करावा का, हेही लोक विचारतात. आधी तीन माणसांना विचारा जी अशी भरती करतात: हे प्रमाणपत्र असतं तर तुम्ही मला बोलावलं असतं का? दोघे 'हो' म्हणाले तर करा.

आता ती सकाळची ओळ. १९२९-३० च्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या मारिएंटाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे तिथे जाऊन निरीक्षण केलं. त्यांनी मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष बायकांपेक्षा हळू चालायचे, वाटेत पुन्हा पुन्हा थांबायचे. वेळच वेळ असूनही गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. बायकांच्या दिवसाला घरकामाचे खांब होते, पुरुषांच्या दिवसाला एकही उरला नव्हता. तुम्हाला उठावंसं वाटत नाही त्यात आळस नाही, उठून जायला जागा नाही एवढंच आहे. म्हणून फोनची वेळ ठरवा, सकाळी अकरा म्हणजे अकरा, आणि त्याआधी कामावर निघाल्यासारखे तयार व्हा. घरच्यांना पैसा कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल ते आकड्यासकट सांगा. ते ओझं एकट्याने वाहिलं की रात्रीची झोपच आधी जाते. आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मनात जगणं नको असं काही येऊ लागलं, तर फोन-अर्ज सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. नोकरीच्या ताणाचं आहे, आपोआप जाईल, असं म्हणत थांबू नका.

वहीत पहिलं नाव कोणाचं लिहायचं ते तुम्हाला सुचणार नाही, बऱ्याच जणांना सुचत नाही. ज्याचा माल तुम्ही सर्वांत जास्त वेळा परत पाठवलात, त्या पुरवठादाराचं लिहा.